पुरे म्हणणारा हात

मावशीच्या बोटांना फोटो धुण्याच्या हायपोचा वास यायचा. आंबटसर, किंचित गंधकाचा, थंडीतल्या सकाळी अधिकच गडद होणारा तो वास तिने सोललेल्या मटारांना लागे, आणि माझ्या केसांवरून तिने हात फिरवला तर दुपारपर्यंत बँकेच्या काउंटरवर माझ्यासोबत बसून राही. लखनऊच्या तेलीबागेतल्या त्या घराची एक न्हाणी तिने काळ्या पडद्यांनी कायमची अंधारी करून टाकली होती. तिथल्या लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या रसायनात कागदावर एखादा चेहरा हळूहळू उगवू लागला, की मावशीचा स्वतःचा चेहरा विझत जाई. जणू दोन चेहऱ्यांना पुरेल इतका उजेड त्या खोलीत नव्हताच.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. बदली होऊन मी लखनऊला आले आणि त्या घराची वरची खोली मला मिळाली. मावशीचे यजमान, आमचे काका, फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झालेले. छावणीतला बंगला सोडावा लागला तेव्हा पुण्याला परतण्याऐवजी छावणीच्या जवळपास राहता यावं म्हणून त्यांनी तेलीबागेत घर बांधलं. उंच, ताठ, मितभाषी आणि प्रत्येक गोष्टीचं माप ठाऊक असलेला माणूस. पुरे हा त्यांचा शब्द. मावशीच्या गाण्याला पुरे, माहेरच्या मुक्कामाला पुरे, एका मुलीनंतर मुलांना पुरे. पहाडातल्या एखाद्या वळणावर मावशीने जीप थांबवून कॅमेरा काढला, की पहिल्या क्लिकसरशी त्यांचा हात वर होई, तळवा बाहेर. "पुरे. चला." आवाज चढत नसे. ज्याचं ऐकलं जाणारच आहे त्याला तो चढवावा लागत नाही. मावशी मुकाट्याने कॅमेरा मिटून गाडीत बसे.

तिची जुनी छायाचित्रं बघायला येणारे तिच्या संयमाचं फार कौतुक करत. एका दृश्याचं एकच चित्र, आणि त्यात काही कमी नाही, काही जास्त नाही. एकदा छावणीतल्या एका बाईंनी विचारलं, "आप एक ही क्यों लेती हैं?"

"मुझे एक ही मिलता है," मावशी म्हणाली, आणि चहा ओतत राहिली. काका समोरच बसले होते. त्यांना त्यात काही टोचल्यासारखं दिसलं नाही.

माझी तिथली तिसरी थंडी होती. कोहऱ्याने, तिथल्या दाट धुक्याने, रायबरेली रोडवरचे ट्रक दिवसासुद्धा नुसते आवाज होऊन जात होते, त्या दिवसांत काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज मात्र शाबूत आहे, असं डॉक्टर दिलाशाच्या सुरात म्हणाले. ते खरंच होतं. काकांना सगळं कळत होतं, आणि त्यातलं काहीही त्यांना बोलून दाखवता येत नव्हतं. हालणारा असा एक डावा हात तेवढा उरला.

इस्पितळातून घरी आणल्यावर मावशी त्यांना व्हरांड्यात उन्हाला बसवू लागली. एका दुपारी ती त्यांना डाळभात भरवत होती. वाकडा झालेला ओठ, हनुवटीवरून ओघळलेली डाळ, आणि त्यावर पडलेलं माघातलं तिरपं, मऊ ऊन. मावशीने चमचा वाटीत ठेवला, पण पदराकडे तिचा हात गेला नाही. ती आत गेली आणि कॅमेरा घेऊन आली.

काकांनी डावा हात वर केला, तळवा बाहेर. तिने त्या हाताचंच चित्र घेतलं. रोल पुढे सरकवला, आणि पुन्हा घेतलं. हात तसाच वर राहिला आणि क्लिक होत राहिले, कारण त्या हातामागचा शब्द आता नव्हता.

"मावशी, ते नको म्हणतायत," मी म्हटलं.

"कळतंय मला," कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता ती म्हणाली. "जन्मभर कळतंय."

मग तिने कॅमेरा खाली ठेवला, ओल्या कपड्याने त्यांची हनुवटी इतक्या हलक्या हाताने पुसली की मला नजर फिरवावी लागली, आणि उरलेला भात गार झाला होता म्हणून पुन्हा गरम करून आणला.

हे मला आजही नीट जुळवता येत नाही. तिची सेवा निष्कलंक होती. काकांच्या पाठीला कधी जखम झाली नाही, त्यांची चादर कधी ओली राहिली नाही, दाढी एक दिवस चुकली नाही. त्याच हातांनी ती त्यांना आंघोळीत, झोपेत, रडताना, कूस बदलता न येताना टिपत होती. कडुनिंबाची पानं गळली, उन्हाळ्याची लू सुटली, वाळ्याच्या पडद्यांनी खोली हिरवट, ओलसर काळोखाची झाली, आणि प्रत्येक ऋतूचा उजेड त्या एका देहावर कसा पडतो ते तिने पाहून ठेवलं. ती चित्रं वाईट असती तर बरं झालं असतं. ती विलक्षण सुंदर होती. ज्या बाईला आयुष्यभर एकच मिळत गेलं, तिच्या हाती कोणी न थांबवणारा काळ आला होता, आणि तो ती ओंजळीने नव्हे, हंड्याने पीत होती.

त्यांची मुलगी शुभदा पुण्याहून आली. छावण्यांमध्ये वाढलेली, मराठी समजणारी पण रागात हटकून हिंदीत शिरणारी. हजरतगंजजवळच्या एका कलादालनात प्रदर्शन ठरलंय हे कळल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मम्मी, बस करो ना अब. पापा हैं वो. दीवार पर टाँगोगी उन्हें?"

"चांगलं काम आहे ते, शुभा. तूच बघ."

"उनसे पूछा?"

मावशी कणीक मळत होती. तिने मळणं थांबवलं नाही. "मला विचारलं होतं कुणी? किती हवं, किती पुरे?"

"तो बदला ले रही हो?"

यावर मावशीचे कणकेतले हात थांबले; तिने खरंच विचार केला. मग म्हणाली, "नाही. मला अजून हवं आहे, एवढंच." शुभदा दुसऱ्या दिवशीच चारबाग स्टेशनला जाऊन गाडीत बसली.

प्रदर्शनाला काकांना नेलं. ते मावशीनेच ठरवलं होतं. "त्यांचीच चित्रं, त्यांनी बघायला नकोत?" ब्लेझर, पलटणीचा टाय, गुळगुळीत दाढी. मी चाकांची खुर्ची ढकलत होते. लोक हळू आवाजात बोलत होते, खुर्ची जवळ आली की तेही थांबत. भिंतींवरची चित्रं उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला लावलेली, त्यामुळे काकांना प्रत्येक वेळी मान वर करून स्वतःला पाहावं लागत होतं. वर केलेल्या हाताच्या चित्रासमोर त्यांनी डाव्या हाताने चाक धरलं. मी थांबले. त्यांनी कितीतरी वेळ ते पाहिलं. मग तो हात वर नेला, मला वाटलं की त्या चित्रात हातामागे दिसणारा चेहरा त्यांना झाकायचा आहे. पण बोटं चौकटीच्या खालच्या पट्टीपर्यंतच पोचली, आणि चौकट एका बाजूला कलली.

मावशी शेजारी उभी होती. त्या दिवशी तिच्या गळ्यात कॅमेरा नव्हता, तरी तिची तर्जनी कॅमेऱ्याचं बटण दाबावं तशी हवेत किंचित वाकलेली मी पाहिली. मग ती पुढे झाली, चौकट दोन्ही हातांनी सरळ केली, एक पाऊल मागे जाऊन खात्री केली, आणि खुर्ची माझ्याकडून घेऊन पुढच्या चित्राकडे वळवली.

त्यानंतर काकांनी हात वर करणं सोडलं. मान वळवणंही सोडलं. मावशीने कॅमेरा उचलला की ते हनुवटी जमेल तितकी वर घेत, नजर थेट भिंगात रोवत आणि तसेच राहत. ना राग, ना विनवणी, ना लाज. फौजेच्या ओळखपत्रावर असतो तसा, कुणालाही काही न देणारा चेहरा. मावशीने पडदे सरकवून पाहिले, वेळा बदलल्या, मागून येऊन पाहिलं. पण लाल दिव्याखाली कागदांवर तोच एक बंद चेहरा उगवत राहिला. एके सकाळी तिने कॅमेरा कपाटात ठेवला. तिला दया आली होती असं मी म्हणणार नाही.

"काही येत नाही आता त्यांच्याकडून," ती मला म्हणाली, विहीर आटल्याचं सांगावं तशी.

तिची खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. कॅमेरा गेला, पण ती समोर आली की काका चेहरा तसाच बसवत. ती पाण्याचा पेला घेऊन येवो, उशी सारखी करायला येवो, नुसती शेजारी बसायला येवो. मी वर्तमानपत्र वाचून दाखवत असताना त्यांचे डोळे हसत, ओठ हलत. दारात तिचं पाऊल वाजलं की सारं मिटून जाई. एकदा तिने त्यांच्या गुडघ्यावर रिकामे हात ठेवले, तळवे वर करून, आणि म्हणाली, "अहो, नाहीये काही माझ्या हातात. बघा तरी." त्यांनी पाहिलं. भिंगात पाहावं तसंच पाहिलं.

पुढचा उन्हाळा त्यांनी काढला नाही. शेवटच्या पहाटे ती उशाशी होती आणि मी पायाशी. जाताना त्यांचे डोळे तिच्यावर होते, आणि चेहरा तयार होता.

मावशी आता नाही. ती चित्रं शुभदाने न उघडता कुठेतरी ठेवून दिली आहेत, पण मला ती उघडावी लागत नाहीत. मिटल्या डोळ्यांनाही ती स्वच्छ दिसतात, एक रेषा पुसट झालेली नाही. मला हवी आहे ती माझ्या तिथल्या पहिल्या थंडीतली एक सकाळ. काका अंगणात उभे राहून चाकूने पेरू कापत होते, मीठ लावून एकेक फोड आम्हाला देत होते, आणि मावशी काहीतरी म्हणाली तशी दोघंही हसली होती. ती काय म्हणाली ते गेलं. मग हसण्याचा आवाज गेला. यंदा पाहते तर पेरू आतून पांढरा होता की गुलाबी, तेही आठवत नाही. काळ जे पुसून नेतो त्याच्यावर त्याची थोडी माया असावी, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. जे तो आपल्यापाशी ठेवून जातो, त्याच्यावर मात्र नसावी.