दोरीखालचा पाऊस

अहो, जरा इकडे कुंपणापाशी बघा! फुलदाणी नाही मी. मी पाऊस मोजणारं नळकांडं, पर्जन्यमापक म्हणा हवं तर. अंगावर मिलिमीटरच्या रेघा आणि डोक्यावर नरसाळं, एवढाच माझा संसार. पण बोलतो ते मोजून!

माझे मालक शिंपीकाका. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, मग दुकान लेकाकडे सोपवून हवामान केंद्राच्या स्वयंसेवकांत नाव घातलं. रोज सकाळी आठला गुडघे टेकून, डोळा रेघेशी आणून मला वाचतात. पाऊस नसला तरी वहीत ठसठशीत शून्य. काकू चिडवतात, "माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत!"

एकदा मात्र घोटाळा झाला. काकूंनी संध्याकाळी ओल्या चादरी माझ्या डोक्यावरच्या दोरीवर टाकल्या आणि उठल्या उठल्या आत नेल्या. सगळं पाणी माझ्या पोटात! मला कळत होतं, पण सांगू कसा? काकांना वाटलं, झोपेत सर येऊन गेली. सहा मिलिमीटर कळवून मोकळे.

केंद्रातल्या ताईंचा फोन आला. "काका, आजूबाजूला सगळीकडे शून्य आहे हो."

काकांनी वर दोरीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. वेळ मारून नेता आली असती. पण ते म्हणाले, "चूक माझी. दोरीवरच्या चादरींचं पाणी ते. तो आकडा खोडा." त्याच दुपारी दोरी काढून टाकली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढच्या वर्षी ढग नेमका आमच्याच टेकडीवर रिता झाला. सकाळी माझ्यात एक्क्याण्णव मिलिमीटर, आणि वरून कोसळतच होतं! काकांनी दोनदा वाचलं, काकूंनाही वाचायला लावलं आणि फोन केला.

ताईंनी यादी पाहिली. "बाकीच्यांकडे जेमतेम दहा आहे, काका. चादर तर नाही ना?"

"दोरी तेव्हाच काढलीय. आकडा पक्का आहे. खाली नाल्याकाठी घरं आहेत, माझी लेकही तिथंच राहते. वेळ घालवू नका!"

"चूक झाली तेव्हा तुम्ही लपवली नाहीत," ताई म्हणाल्या. "लगेच कळवते."

दहाच्या आत सगळी माणसं शाळेत हलवली. बाराला पाणी खिडक्यांना लागलं, तेव्हा घरांत कुणीच नव्हतं.

आता उन्हानं माझ्या रेघा पुसट झाल्यात. शेजारी नवं नळकांडं आलंय. काका म्हणाले, "महिनाभर दोघांचं जुळवून बघू." बघा की! काल दोघांतही सात भरले, रेघेचाही फरक नाही.

माझी जागा त्याला खुशाल द्या. फक्त त्याच्या डोक्यावर दोरी तेवढी बांधू नका.