पोरीचं पाणी बंद

बाभुळगावपुढच्या तांड्यात राहणाऱ्या अंजूच्या अकरा महिन्यांच्या पोरीला कालपासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब लागले होते. सकाळी मोटरसायकलवर फिरणाऱ्या डॉक्टरानं एक सुई टोचली आणि फर्मान सोडलं, "पाणी बंद. आईचं दूधही बंद."

सासू बसंतीबाई त्या शब्दाला धरून बसली.

दुपारपर्यंत अंजूची छाती दुधानं दगड झाली. पोरगी रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. लंगोट सकाळपासून कोरडा.

"याडी, तिले तहान लागली," अंजू सासूला म्हणाली.

"डॉक्टर येडा हाय काय?"

अंजूनं लोहारा गावच्या कारखान्यात कामाला असलेल्या नवऱ्याला, राजकुमारला, फोन केला. "आई म्हणते तसं कर," म्हणून त्यानं ठेवला.

तेवढ्यात डॉक्टर पुन्हा आला आणि सुई भरू लागला.

"हे कायची?" अंजूनं विचारलं.

"अँटिबायोटिक. जंतू मरतात."

"शेजारच्या हरिसिंगकाकाच्या नातवांलेही परवा हेच झालं. आशा वर्कर उज्ज्वलाताई म्हणे, विषाणू हाय, त्याले हे औषध चालत नाही. शौचात रगत नाही, मंग कायले टोचता?"

डॉक्टर हसला. "बाई, सुनेले आवरा."

ते हसणं अंजूच्या डोक्यात गेलं. तिनं सासूच्या मांडीवरून पोरगी हिसकावली आणि सगळ्यांदेखत अंगणात बसून पदराखाली घेतली. "पोरगी माही हाय. हात तं लावून पाहा!"

कोणी पुढे आलं नाही. डॉक्टरानं गुपचूप बॅग उचलली.

गलका ऐकून आशा वर्कर उज्ज्वला आली. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश बसली. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात तिनं ओआरएसची पुडी कालवली. चार चमचे गेले आणि पोरगी ओकली.

"पाह्यलं?" बसंतीबाई कडाडली.

"दहा मिनिटं थांबायचं, मंग चमचा चमचा देत राह्यचं. दूधही चालू ठेव," उज्ज्वला अंजूला म्हणाली. "झिंकची गोळी चौदा दिवस. पोरगी सुस्त झाली, प्यायनाशी झाली, नाहीतर संध्याकाळपर्यंत लघवी नाही झाली, तं तडक यवतमाळच्या दवाखान्यात." मग तिनं पोरीचं लसीकरणाचं कार्ड उलटवलं. "जुलाबाच्या रोटा लसीचे डोस काहून बुडवले?"

"यायनं नेऊ देल्लं नाही. पोरीले ताप येते म्हणे!"

बसंतीबाईनं तोंड फिरवलं.

ऊन उतरता उतरता अंजूची मांडी ओली झाली. तिला रडू आलं, पण राग काही उतरेना. सासू लंगोट पिळून तशीच कणकेकडे निघाली होती.

"याडी! साबण!"

बसंतीबाई पुटपुटली, पण हात धुतले.

अंजूनं पुन्हा नवऱ्याला फोन लावला. "पोरगी मुतली. आता पुढच्या बारी आईले नका विचारू. मले विचारा," एवढं बोलून या वेळी तिनं ठेवला.