सुती काही नको

पुढील पानांत एका कापूस-पारख्याच्या एका दिवसाची हकीकत, किंबहुना त्या दिवशी त्याच्या मनात जे जे उठले आणि बसले त्याची हकीकत, यथाशक्ति सांगण्याचे मी योजिले आहे. यात चोरी नाही, मृत्यू नाही. विवाह आहे, तोही गतवर्षीच पार पडलेला. एक मनुष्य थंडीचे कपडे घेण्यास निघतो, इतकेच यात घडते. वाचकांनी कपड्यांपेक्षा मनुष्याकडे अधिक लक्ष द्यावे, ही प्रार्थना.

दोन अंगठ्यांच्या चिमटीत धरलेला तो पांढरा पुंजका ओढला तरी तुटत नव्हता — लांबत होता, सरकत होता, पण तुटत नव्हता. आणि शुभ्र तर इतका, की त्यात वाळल्या पानाचा एक कण नाही, सरकीचा वास नाही. सदाशिवरावांनी तो उजेडाकडे धरला, पुन्हा ओढला, तंतू तर्जनीवर आडवे ठेवून डोळे बारीक केले आणि लांबी मोजू लागले, जशी राळेगावच्या जिनिंगमध्ये ते वर्षानुवर्षे मोजीत आले होते... अठ्ठावीस मिलिमीटर, एकोणतीस, तीस... ही लांबी संपेचना. आणि मग त्यांच्या ध्यानात आले की आपण जिनिंगमध्ये नाही, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, मजुरांचे बूट-हेल्मेट विकणाऱ्या एका दुकानात उभे आहोत, हातात अद्याप विकत न घेतलेले जाकीट आहे, आणि त्याच्या बाहीची शिवण आपल्याच नखाने बोटभर उसवली आहे.

"काकाजी, जाकीट घालून पाहा म्हटलं होतं," गल्ल्यावरून दुकानदार देवीलाल म्हणाला. "तुम्ही तं त्याचं पोट फाडून राह्यले!"

"चुकलं भाऊ. हाताले सवय हाय. जिनिंगात ग्रेडर हावो मी, कापूस पाह्यतो."

"असं म्हना ना! मागं एक सोनार आलता. त्यानं बुटाचं लोखंड फरशीवर घासून पाह्यलं. म्हटलं, बाप्पा, ते सोनं असतं तं मी लोहाऱ्यात हेल्मेट विकत बसलो असतो का?"

देवीलाल मोठ्याने हसला. सदाशिवरावही हसले, परंतु त्यांचे हसणे ओठांपाशीच अडकले, कारण हीच ती बोटे — हीच. गतवर्षी पुण्याच्या त्या मंगल कार्यालयात, मुलीच्या, समीक्षाच्या, लग्नात, व्याह्यांनी सर्वांदेखत त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हटले, "शुद्ध लोकर आहे बरं का!" तेव्हा याच बोटांनी शालीचा काठ आपसूक चुरला होता आणि याच तोंडातून निघून गेले होते, "नाही, यात तीस टक्के तरी पॉलिस्टर हाय." केवढा हशा पिकला! व्याही हसले, विहीणबाई हसल्या, फोटो काढणारासुद्धा कॅमेरा खाली करून हसला. समीक्षा तेवढी हसली नाही. ती आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहत राहिली, आणि तो तिचा खाली गेलेला चेहरा सदाशिवरावांना तेव्हापासून कुठेही दिसतो — कापसाच्या ढिगात दिसतो, चहाच्या कपात दिसतो, आणि आता या दुकानाच्या काचेतही...

त्याच व्याह्यांनी आता काश्मीरला बोलावले आहे. ती मंडळी दरवर्षी गुलमर्गला बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी जातात. पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगर उतरतात म्हणे. या वर्षी समीक्षाही जाणार, आणि तिने बापाचे तिकीट स्वतःच्या पगारातून काढून ठेवले — विचारण्याच्या आधीच. कपडेही तीच घेणार होती. सदाशिवराव म्हणाले, माझे कपडे माझे मी पाहीन. का म्हणाले? मी असे का म्हणालो? मुलीच्या सासरच्या माणसांसमोर मुलीने घेतलेल्या कपड्यांत उभे राहणे बरे दिसत नाही, एवढाच विचार होता; परंतु बोलून बसल्यावर कळले की यवतमाळात फेब्रुवारीत बर्फाचे कपडे शोधणे म्हणजे काय. रस्त्याकडेचे स्वेटरवाले संक्रांत होताच आपले तंबू गुंडाळून निघून गेलेले. उन्हात तर आत्ताच घोंगडीचे नाव काढवत नाही. मोठ्या दुकानातल्या मुलीने एक जाकीट दाखविले, त्याची किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली, तर सदाशिवरावांचा अर्धा पगार! "मुलासाठी आहे का काका?" तिने विचारले, आणि त्यांनी मान डोलावली... मुलासाठी. आपल्याला मुलगा नाही, हे त्या मुलीला कुठे ठाऊक होते.

मग एका रिक्षावाल्याने लोहाऱ्याचे हे दुकान सांगितले. शीतगृहांत काम करणारे मजूर जे जाकीट घालतात ते इथे मिळते; उणे वीस सोसते, पाणी आत येऊ देत नाही, आणि किंमत दोन हजारांच्या आत. सगळे खरे होते. समीक्षाने पाठविलेल्या यादीशी ताडून पाहिले तर प्रत्येक ओळ भरत होती. ती यादी त्यांनी इतक्या वेळा वाचली होती की मोबाईल न काढताही म्हणता यावी — आतला गरम पोशाख, पाणी न शोषणारी पँट, हातमोजे, गॉगल... आणि सर्वांत खाली, एका स्वतंत्र ओळीत: "बाबा, सुती काही नको. ओलं झालं की वाळत नाही, गारठून जाल."

मुलीचे म्हणणे बरोबर होते. तिच्यापेक्षा ते त्यांनाच अधिक ठाऊक होते. ओलावा बारा टक्क्यांवर गेला की गाडी परत पाठविण्याचे काम तेच करीत. कापूस पाणी पितो आणि सोडीत नाही, हे सांगण्यासाठी त्यांना यंत्र लागत नसे, तळहात पुरे. तरीही यादी वाचताना बोट त्या ओळीवर अडून राही. सुती काही नको... जिच्या शाळेची फी, वसतिगृह, लग्न, सारे याच कापसाच्या पारखीवर झाले, तिने किती सहज लिहिले! छे, छे, हा काय विचार. तिने थंडीचे लिहिले होते. आपण त्यात काय काय वाचावे?

"घाला ना काकाजी," देवीलाल म्हणाला. "उसवलं ते मी शिवून देतो."

सदाशिवरावांनी जाकीट अंगात घातले. आरशात एक जाड, निळा, अनोळखी मनुष्य उभा राहिला. त्यांनी वळून पाहिले — आणि पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, रेडियमचे दोन रुंद पट्टे लखलखले.

"हे कायले?"

"अंधारात गाडीवाल्याले मजूर दिसला पाह्यजे ना."

मजूर. व्याही आपल्या उंची कपड्यांत उभे आहेत, विहीणबाई उभ्या आहेत, सभोवार पांढरेच पांढरे, आणि त्यात हे दोन पट्टे चमकताहेत. कोणीतरी हसते आणि म्हणते, सामान उचलायला माणूस आला वाटते... आणि समीक्षा पुन्हा बांगड्यांकडे पाहते. घामाची एक धार मानेवरून आत उतरली. नाही. हे होऊ द्यायचे नाही. सकाळी निघताना पत्नी मैनाबाई म्हणाली होती, "जाऊन याच तुम्ही. माहे गुडघे धड असते तं मीच गेली असती. बर्फात तुमाले कोन वळखते थोडं!" परंतु मैनाबाईला काय, ती कुणालाही घाबरत नाही. आपण सांगून टाकू, जिनिंगचा हंगाम आहे, रजा नाही. त्यात खोटे तरी किती? निम्मेच. त्यांनी तसेच, जाकीट अंगात असताना, समीक्षाला फोन लावला.

"बाबा, घेतले का कपडे?" ती लगेच बोलली, जणू फोन हातातच होता.

"कपडे मिळते वो. पन मी काय म्हनतो... हंगाम सुरू हाय. मालक रजा देईल असं दिसत नाई."

पलीकडे तिची पावले वाजली. मग दार लावल्याचा आवाज आला, आणि समीक्षाचा स्वर एकदम खाली आला.

"बाबा, मले येत नाई ते बर्फावरचं घसरनं." लग्नानंतर ती त्यांच्याशीही पुण्याचीच भाषा बोलत असे, हा जुना स्वर वर्षभरात प्रथमच कानी पडत होता. "या सगळ्यांले लहानपनापासून येते. मी पह्यल्यांदाच चाल्ली. मी पडीन, अन् हे सगळे हासतीन. वाईट मनानं नाई हासत ते, पन हासतातच. त्यायच्यात आपलं कोनीच नसते मंग. तुम्ही या ना. तुम्ही पन पडसान."

"मी तं पडीनच," सदाशिवराव म्हणाले.

"म्हनूनच या."

ती हसली की रडली, हे त्यांना कळले नाही; फोन बंद झाला होता.

म्हणजे त्या दिवशी... त्या शालीच्या वेळी तिने मान खाली घातली, ती बापाची लाज वाटून, की सगळे बापाला हसत आहेत हे सहन न होऊन? वर्षभर आपण त्या चेहऱ्याचा एकच अर्थ लावीत आलो. पारखण्यात चूक झाली काय? की आताच, ती रडवेल्या आवाजात बोलली म्हणून, आपल्याला सोयीचा अर्थ सुचतो आहे? विचारावे तर कोणत्या शब्दांत विचारावे... आणि विचारले, अन् तिने खरे सांगितले तर?

"काकाजी, काढून द्या, शिवून देतो," देवीलाल म्हणाला.

"राहू द्या," ते म्हणाले, "घरी शिवीन." आणि पैसे देऊन, पिशवीही न मागता, त्या जाकिटासह ते उन्हात आले.

रस्त्यावरची माणसे वळून पाहत होती. फेब्रुवारीच्या भर दुपारी निळे जाकीट घातलेला मनुष्य! सदाशिवरावांना ते दिसत होते, पण मन भलतीकडेच गेले होते — पडावे कसे, याकडे. ते त्यांना येत होते. ग्रेडर होण्याच्या आधी चार वर्षे त्यांनी त्याच जिनिंगमध्ये हमाली केली होती. फळीवरून पाय सरकला तर पाठीवरचे ओझे सावरायचे नाही, ते सोडून द्यायचे, गुडघे मऊ करायचे आणि कुशीवर जायचे — हे एका म्हाताऱ्या हमालाने शिकविले होते, आणि हाड कधी मोडले नाही. समीक्षाला हे सांगितले पाहिजे. तिथे, त्या उतारावर, ती थरथरत उभी असेल तेव्हा. परंतु सोयरिकीच्या बैठकीत आपण व्याह्यांना सांगितले होते की मी प्रथमपासून ग्रेडरच. आणि समीक्षा शेजारी बसून गप्प राहिली होती. आता तिला पडायचे शिकवायचे, तर सर्वांदेखत, मोठ्याने, हे कुठे शिकलो तेही आलेच...

बसथांब्याच्या सावलीत जागा होती. ते उन्हातच उभे राहिले. घाम निथळत होता, जाकीट काढावेसे वाटत नव्हते, आणि ओठ आपोआप हलत होते — "समीक्षा, मी हमाल होतो तेव्हा..." इथवर वाक्य नीट येत होते. पुढे ते कधी मनातल्या व्याह्यांकडे पाहून अडखळे, कधी मनातल्या समीक्षाकडे पाहून; सदाशिवराव पुन्हा आरंभापासून म्हणू लागत, आणि दर वेळी आवाज किंचित मोठा होत होता.

ही कथा आपण शेवटपर्यंत वाचलीत, माझ्यासारख्या अल्पशिक्षित मनुष्याच्या शब्दांना आपल्या डोळ्यांसमोर इतका वेळ उभे राहू दिलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

— हरिसिंग देवला पवार,
केळापूर, जि. यवतमाळ