लवूची लादी

"भावजी, पेज घेतली ओ त्यांनी. वर लोणचं मागतायत," लवूची बायको रुक्मिणी फोनवर म्हणाली. शिवदासने फोन खिशात टाकला आणि बर्फ फोडायचा टोचा उचलला.

समोर फळीवर बर्फाची एक आरपार लादी उभी होती. म्हणजे शिवदासला माहीत होतं म्हणून उभी होती. दुसऱ्या कुणाला ती दिसलीच असती असं सांगता येत नाही. कारखान्यातलं मांजर मागे असल्याच एका लादीतून सरळ पलीकडे जायला निघालं होतं. नाक आपटल्यापासून ते बर्फाकडे पाठ करूनच बसे. गंमत अशी की त्याला बर्फ कुठे आहे हे कळत नसल्यामुळे ते सगळ्या जगाकडेच पाठ करून बसे.

शिवदासने लादीच्या मध्यावर टोचा हाणला. एवढी देखणी लादी खळ्ळकन फुटली, आणि त्याचा चेहरा उजळला. नाक्यावरचा उसाचा रसवाला टोपली घेऊन उभाच होता.

"आज पण वाचला वाटतं तुमचा दोस्त," तो म्हणाला.

"वाचला. भर टोपली."

लवू वाचला की साकीनाक्याच्या त्या गल्लीतल्या लोकांना रसात बर्फ जास्त मिळायचा. का मिळतो, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

शिवदास आणि लवू दोघे मालवणकडचे, एकाच वाडीतले. दोघांचे बाप गिरणीत होते. गिरण्या गेल्यावर पोरं बर्फाच्या कारखान्यात लागली. शिवदास बर्फ गोठवायच्या हौदावर, लवू लाद्या उचलण्यावर. लवूच्या खांद्याला बर्फाची इतकी सवय झाली होती की मे महिन्यात बायका त्याच्या खांद्याशी दुधाची पातेली ठेवत, असं शिवदास सांगायचा. त्यातलं निम्मं सोडून द्या; खांदा गार होता, एवढं खरं.

आता तो खांदा मरोळच्या खोलीत खाटेला टेकला होता. छातीत पाणी होत होतं. काढलं की पुन्हा भरत होतं.

"डाक्टर म्हणतत छातीत पाणी झालां," लवू शिवदासला म्हणाला होता. "मी म्हटलंय, चव बघा. खारट असलां तर आमच्या बावीचाच."

त्यांच्या वाडीतली बाव, म्हणजे विहीर, खाडीला लागून होती. पाणी पिण्याजोगं, पण मागून जिभेवर किंचित खारं. लवूला त्याचं वेड. मुंबईचं पाणी तो आयुष्यभर तोंड वाकडं करून प्याला. त्या दिवशी त्याने रुक्मिणी आत गेल्याचं बघून शिवदासचा हात धरला.

"मी मेलंय की माका त्या लायटीच्या थंड पेटयेत घालू नकात. लाईट गेली तर उकडान परत मरतलंय. दिशा मस्कतवरून येयपर्यंत ठेवूचा लागतला, तर आमच्या बावीच्या पाण्याच्या बर्फार निजव. आणि बर्फ तुझ्या हातचो. आरपार."

दिशा त्याची मुलगी. शिवदास हो म्हणाला. गणपतीला गावाला गेला तेव्हा बावीच्या पाण्याचा एक कॅन भरून घेऊन आला. आणि इथेच पंचाईत झाली. आरपार लादी सावकाश होते, त्याला दोन दिवस लागतात. माणूस गेल्यावर करायला घेतली तर मिळायची कधी? म्हणजे मित्र पेज पीत असतानाच त्याच्या मरणाची लादी लावून ठेवायची. शिवदास हे रुक्मिणीला बोलला नाही. लादीच्या डब्यात साधं पाणी भरायचा, वर तांब्याभर बावीचं ओतायचा, आणि डबा हौदात सोडताना दर वेळी आपण काहीतरी पाप करतो आहोत असं त्याला वाटायचं. लादी तयार व्हायची, रुक्मिणी फोनवर पेज म्हणायची, जपून ठेवली तर मरणाची वाट बघितल्यासारखं, म्हणून लादी फुटायची, पाप धुतलं जायचं. मग नवा डबा.

सगळा जन्म हौदावर काढूनही पाण्यापुढे शिवदासचा आ वासलेलाच असे. जगातली वस्तू गारठली की अंग चोरते. पाणी फुगतं. लोखंडाचा पाइप उकलून बाहेर येतं. दगडासारखं झालं की बुडावं की नाही? तर स्वतःच्याच डोक्यावर तरंगतं. हौदातलं मिठाचं पाणी बर्फाहून गार, पण पोटात मीठ आहे तोवर गोठायचं नाव नाही. त्यात बुडवलेल्या डब्यातलं गोडं पाणी मात्र कडेकडेने दगड होत जातं. आणि सगळ्यात मोठं नवल असं, की पाणी गोठताना कुणालाच बरोबर घेत नाही. मीठ, माती, हवा, जे काही आपलं नाही ते ढकलत ढकलत मध्ये नेतं. बाहेरून निव्वळ पाणी, आणि मध्ये सगळ्या जगाचा गाळ. म्हणून साध्या लादीचा गाभा पांढरा असतो. आरपार हवी तर डब्यात हवेची नळी बुडबुडत ठेवायची आणि कडा जमत आल्या की गाभ्याचं उरलेलं पाणी शोषून फेकून द्यायचं. तिथे ताजं भरायचं. शिवदासने प्रत्येक लादीचं असंच केलं होतं.

कॅन संपत आला. शेवटच्या डब्यात त्याने तो उलटाच केला आणि मनात म्हणाला, लवू, आता मरू नको, नायतर ह्याच लादीत मर.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीचा फोन आला. पेज म्हणाली नाही.

शिवदास हौदापाशी गेला. लादी अर्धीच झाली होती. कडा काचेच्या, मध्ये हातभर लांबीचं पाणी. वाट बघायला वेळ नव्हता. निदान गाभा काढून ताजं पाणी भरावं म्हणून त्याने शोषायची नळी आत सोडली. नळीच्या तोंडाला लागलेला थेंब चुकून ओठांना लागला.

खारा. मागून, जिभेवर, किंचित.

शिवदास तसाच उभा राहिला. बाव तिथे होती. बर्फाने ती बाहेर काढली होती, ढकलत ढकलत मध्ये आणून ठेवली होती. आणि इतक्या लाद्यांमधली बाव त्याने आपल्या हाताने शोषून गटारात सोडली होती. लवू आधी गेला असता तर मुंबईच्याच पाण्यावर झोपला असता आणि शिवदासने शपथेवर सांगितलं असतं की बावीचं आहे. आता कुणी म्हणेल, डबा कुठेतरी गळका असेल, हौदातलं मीठ शिरलं असेल. म्हणू दे. शिवदासला आपल्या हौदाची चव कळत होती आणि आपल्या गावाचीही.

त्याने नळी बाहेर काढली. लादीच्या तोंडात बर्फाचा चुरा ठासला; बर्फाला बर्फ लागला की न बोलता एक होतो. क्षणात तोंड मिटलं. चार साध्या लाद्यांबरोबर ती टेम्पोत चढली.

मरोळला शेजारच्या अनिरुद्धने मयत ठेवायची विजेची पेटी मागवून ठेवली होती. भला माणूस, म्हणाला, काका, पेटीत व्यवस्थित राहतं, बर्फाने सगळी खोली ओली होते. शिवदास त्याच्याशी वाद घालत बसला नाही. रुक्मिणीकडे बघून एवढंच म्हणाला, "लवूने सांगितलेलं." रुक्मिणीने मान हलवली. पेटी जिन्यावरून परत गेली.

लवूला लाद्यांवर निजवलं. आरपार लादी उशाशी. जमलेली माणसं तिच्याकडे बघत राहिली. तिच्या पोटात पाणी हलत होतं आणि त्यात एक बुडबुडा, कुणी जमिनीवर पाऊल टाकलं की थरथरायचा. सगळे आपोआप हळू चालायला लागले.

"भावजी, कधीपासून करत होतात ही?" रुक्मिणीने विचारलं.

शिवदासने खाली बघितलं. "तो होता तोपर्यंत."

जरा वेळाने तिने त्याला चहा आणून दिला.

दुपार कलताना दिशा आली. विमानतळ जवळ, पण घर लांब झालं होतं तिचं. बॅग दारातच राहिली. बापाचा खांदा चाचपून ती म्हणाली, "काका, मी पाणीपण नाही घातलं रे त्यांच्या तोंडात."

शिवदासने टोच्याने लादीच्या तोंडाशी हलकं टोचलं. चुऱ्याचं बूच सुटलं.

"आता घाल," तो म्हणाला. "तुमच्या बावीचा आसा."

दिशाने तुळशीचं पान आत बुडवलं आणि बापाच्या ओठांवर धरलं. थेंब ओठांवर थांबला, मग आत उतरला. लवूचं तोंड पाणी पिताना नेहमी वाकडं व्हायचं. तेव्हा झालं नाही. उरलेलं पाणी तिने ओंजळीने काढून त्याच्या कपाळाला, खांद्याला लावलं, लादी रिकामी होईपर्यंत.

त्याला स्मशानात पोचवून आल्यावर शिवदास लाद्या काढायला बसला. साध्या चारही फोडून बादलीत भरल्या. उशाशीच्या लादीवर टोचा उगारला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. आतली पोकळी वितळत्या पाण्याने हळूहळू भरत होती. त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं.

चव नव्हती. मुंबईचं पाणी होतं.