उशिरा आलेला ‘ना’

“आता सांगतो ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही,” धाकूमामानं मांडी बदलली, बशीतला चहा सुर्रकन ओढला आणि देवळाच्या मंडपात बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

“मग सांगता कशाला?” विनोदिनी म्हणाली.

“तुला पटावं म्हणून गो बाये. बाकीच्यांचं काय, मयेच्या तळ्यातली मगर भजनाला येऊन बसली म्हटलं, तरी हे तिला टाळ देतील.”

मंडप हसला. विनोदिनी हसली नाही. तिच्या पुढ्यात ओवाळणीचं ताट होतं आणि ते घासून लख्ख झालं, तरी ती घासतच होती.

उद्या संध्याकाळी याच मंडपात आमदार गुरुदासचा सत्कार. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून ओवाळायचं तिनं. ओवाळावं की नाही, एवढंच तिचं ठरत नव्हतं. गावाच्या डोक्यावर सडा आहे, कातळाचं उघडं पठार, त्या सड्याच्या पोटातून झर निघते आणि त्या झरीवर तिचं कुळागर उभं आहे, पोफळी, केळी, मिरवेली सगळं. सड्यावर बांधकामाला वाट मोकळी करणारं विधेयक आलं तर विरोध करीन, असा शब्द गुरुदासनं निवडणुकीत देवापुढच्या नारळावर हात ठेवून दिला होता. त्या शब्दाच्या जोरावर विनोदिनी घरोघर फिरली, लोकांच्या अंगणात बसून मतं मागितली. आणि मागच्या गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर, विधेयक मंजूर झालं.

गुरुदास सांगत सुटला होता, मी ‘ना’ म्हटलं. पण मतदान झालं आवाजी. सभापती विचारतात, बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘ना’ म्हणतात, मोठा आवाज ज्यांचा ते जिंकतात. कोणाच्या तोंडून काय निघालं ते कुठंच लिहून राहत नाही.

विनोदिनीचा संशय काही गुरुवारी जन्माला आलेला नव्हता. तिची मुलगी ऋतिका मोबाइलवर विधानसभेचं कामकाज काढून दाखवायची, तेव्हापासूनचा तो. गुरुदासनं प्रश्न विचारले होते ते रस्त्यावरच्या दिव्यांचे, बसथांब्याच्या छपराचे. सड्यावरचाही एक प्रश्न दिला होता, पण तो पुकारला त्या वेळी आमदारांची खुर्ची रिकामी. गुरुवारी मात्र हजेरीची सही होती.

“सही सकाळची, आई,” ऋतिका म्हणाली होती. “मागाहून बसला की उठला, ते कोण बघतो?”

शेवटी विनोदिनीनं त्यालाच फोन लावला होता. पलीकडून घोगरा आवाज आला. “वहिनी, असा ‘ना’ ठोकला की घसाच बसला बघा.”

घसा खरंच बसला होता. तेच तिला खुपत होतं. एका ‘ना’नं कोणाचा घसा बसतो?

आणि आता हा धाकूमामा. गावच्या भजनातला पखवाजवाला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही, आणि धाकूमामाची गोष्टही वरून काही लावल्याशिवाय घुमत नाही, हे पेडण्यापासून फोंड्यापर्यंत ठाऊक. त्याच्या घरी भाकरी तांदळाची, त्यामुळे कणकेचा गोळासुद्धा तो विनोदिनीच्या दारातूनच उचलतो. पण हल्ली त्याच्या पखवाजाला कोरी करकरीत वादी आली होती. चामडं काही झाडाला लागत नाही. कोणी दिली, विचारलं तर म्हणे देवानं.

“तर मी होतो गुरुवारी पर्वरीला, विधानसभेत,” धाकूमामानं आवाज खाली आणला. “वर, बघणाऱ्यांच्या गॅलरीत.”

“पास कोणी दिला?” विनोदिनी.

“माझं तोंडच पास. शिपाई म्हणाला, धाकूबाब, तुम्हाला अडवून मी पाप कुठं फेडू? बसलो. खाली सभापतींनी विचारलं, बाजूनं कोण? अरे सायबा! असा ‘होय’ उठला की छतावरचे पंखे उलटे फिरले. मग विचारलं, विरोधात कोण? समोरच्या बाकांवरून ‘ना’ आला, बारीकसा, मांजरीच्या पिल्लासारखा. झालं. सभापती आता मंजूर म्हणणार, ओठ उघडलेले, आणि तेवढ्यात...”

तो थांबला. सत्काराचे हार सांगायला निघालेला साईश, देवस्थान समितीचा चिटणीस, दारातच खिळला.

“तेवढ्यात एकटा, सगळ्यांच्या मागून, ‘नाऽऽ’! सभापतींचा पेला कलंडला. मार्शलची टोपी गेली ती मंत्र्याच्या मांडीवर. सगळे विचारतात, कोण, कोण? मी वर बसून ओळखला. समेला उशिरा येणारा गोव्यात एकच. आमचा गुरुदास!”

मंडपात टाळ्या पडल्या. विनोदिनीचाही हात ताटावर थांबला. गुरुदास आमदार होण्याआधीपासून भजनात गायचा, आणि सगळे समेवर येऊन गेले की हा मागाहून पोचायचा, धाकूमामा त्याच्यासाठी ठेका ओढून धरायचा. हे काही रचलेलं नव्हतं. खरंच ओरडला असेल का मेला? तिला वाटलं, असेल तर बरं. तिनं सगळ्यांच्या दारात त्याच्यासाठी तोंड वेंगाडलं होतं. खरं निघालं तर झर जाईल, पण तोंड तरी राहील.

“आणि मामा, तुम्ही काय केलं?” साईशनं विचारलं.

इथं थांबला असता, तर धाकूमामा जिंकला होता. पण विचारल्यावर गप्प बसेल तर तो धाकूमामा कसला.

“मी? मी आनंदानं ओरडणार, तर आठवलं, गॅलरीत तोंड उघडायला बंदी. तोंडावर हात दाबला घट्ट. पण हाताला ओली कणीक! मिशीच चिकटली. संध्याकाळपर्यंत गरम पाण्यात मिशी भिजवत बसलो!”

लोक हसून आडवे झाले. विनोदिनीनं ताट बाजूला ठेवलं.

“मामा, कणीक कोणत्या हाताला?”

“डाव्या. पखवाजाची कणीक उजव्या हाताला असते काय गो?”

“दुपारी ओली होती?”

“ओलीच. म्हणून तर...” धाकूमामाचा हात मिशीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

“ती कणीक माझ्या घरची,” विनोदिनी उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी मंडपाच्या कोपऱ्यापर्यंत गेला. “गुरुवारी जेवणवेळेला तुम्ही माझ्या दारातून गोळा नेला आणि खाली उभ्या असलेल्या गाडीत बसलात. गाडी कोणाची ते मी बघितलं होतं. सड्यावरची जमीन घेणाऱ्या अमोलची. त्याच दुपारी डिचोलीला त्याच्या नव्या कचेरीची पूजा होती. प्रसादाचा शिरा माझ्याकडेपण आला, तो मी कोंबड्यांना घातला. तुम्ही खोटं सांगताय, मामा! तुम्ही पर्वरीला गेलाच नाहीत. हाताला ओली कणीक म्हणजे त्या वेळी पखवाज वाजत होता, तुम्ही अमोलकडे भजनाला बसला होता. आणि समेला उशिरा येणारा, घसा बसेपर्यंत गाणारा, तो तुमच्या शेजारी होता. ह्याच ताटावर हात ठेवा आणि सांगा, नव्हता!”