निवृत्ती कुणाचा भाऊ?

मित्रांनो, मी खामगावच्या मोतीरामच्या छापखान्यातला जुना दगड आहे. मला फोडून टाकावं अशी मागणी एकदा भर कचेरीत झाली होती. मी फुटलो नाही. कसा वाचलो, ते आज मीच सांगणार आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका खाणीत झाला. शिळाछापाला पिवळट, गुळगुळीत, एकही भेग नसलेला दगड लागतो. बोटीनं मी मुंबईला आलो, आगगाडीनं जलंबला आणि तिथून लहान गाडीनं खामगावला. मोतीरामनं मला हमालांच्या पाठीवरून उतरवून घेतलं, ओला हात माझ्यावरून फिरवला आणि म्हणाला, "मस्त हाये बे! म्हशीच्या पाठीवानी."

माझं काम असं होतं. तेलकट शाईनं कागदावर मजकूर लिहायचा आणि तो कागद माझ्यावर दाबायचा. अक्षरं माझ्या अंगावर उलटी उमटायची. मग मला ओलं करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांनाच धरायची. कोरा कागद ठेवून दाबला की अक्षरं सुलटी. काम संपलं की वाळू आणि पाण्यानं मला घासायचं. सरकीच्या पोत्यांच्या चिठ्ठ्या, लग्नाच्या पत्रिका, जत्रेच्या जाहिराती, सगळं मी छापलं. "अक्षर पाहावं तर मोतीरामच्या दगडाचं," असं बाजारात लोक म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

एका हिवाळ्यात कोकिळाबाई छापखान्यात आल्या. त्या जानेफळच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. दुपारी शाळा सुटली की मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवत. पुस्तकातला 'ऐरावत' आणि 'यज्ञ' काही त्या बायकांच्या डोक्यात राहत नव्हता. मग एक दिवस कोकिळाबाईंनी फळ्यावर कापूस वेचायचं गाणं लिहिलं. गाणं सगळ्यांना तोंडपाठ. एकेका अक्षरावर बोट ठेवत बायका म्हणू लागल्या आणि म्हणता म्हणता वाचू लागल्या.

ते गाणं सोजराबाईचं होतं. सोजराबाई त्याच गावची, साठी ओलांडलेली. सारा जन्म पऱ्हाटीच्या ओळीत वाकून कापूस वेचण्यात गेला. वेचता वेचता ती गाणी रचायची आणि बाकीच्या बाया ती उचलायच्या. काही वर्षांपूर्वी दूरच्या शहरातून एक विद्वान गृहस्थ आले, चार दिवस तिच्यासमोर बसले आणि गाणी उतरवून घेऊन गेले. त्यांचं देखणं पुस्तक निघालं. पहिल्या पानावर त्यांचं नाव, त्याखाली 'सर्व हक्क स्वाधीन'. सोजराबाईचं नाव कुठंच नव्हतं. प्रस्तावनेत 'एका अशिक्षित वृद्धेकडून' एवढाच तिचा उल्लेख.

कोकिळाबाईंनी त्या गृहस्थांना पत्र लिहिलं, वर्गासाठी काही गाणी छापू का? उत्तर आलं, एक ओळही उतरवता येणार नाही. कोकिळाबाईंनी ते पत्र घडी करून ठेवलं आणि वही घेऊन सरळ सोजराबाईचं घर गाठलं.

"आजी, गाणी पुन्हा सांगाल का? ते गृहस्थ नाही म्हणतात."

"तो कोन नाही म्हननारा?" सोजराबाई म्हणाली. "माहे गाने हायेत. काऊन नाही सांगू? लिही तू."

ते लिहिलेले कागद आता मोतीरामच्या पुढ्यात होते. कोकिळाबाईंनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. गृहस्थांचं पत्रही दाखवलं.

"मास्तरीनबाई," तो मान खाजवत म्हणाला, "कायदा छापनाऱ्याले बी धरते." मग त्यानं कागद उजेडात धरला. ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला. "माही माय बी वेचाले जाये," तो म्हणाला. "ठेवा कागद. छापतो."

सगळी गाणी एकाच मोठ्या पानावर बसवली होती. अशी मी दोनशे पानं छापली. इतक्या आनंदानं मी कधी शाई धरली नव्हती.

पानं वाटण्याआधीच बातमी त्या गृहस्थांच्या कानी गेली. महिन्याभरात त्यांची नोटीस आली आणि मागोमाग मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद. मोतीराम आणि कोकिळाबाई आरोपी. कायद्यात लिहिलं होतं की चोरून छापलेल्या प्रती आणि ज्याच्यावरून त्या छापल्या ते साधन, मग तो दगड का असेना, नष्ट करता येतं. फिर्यादीत तीच मागणी होती. माझा उल्लेख सरकारच्या कायद्यात! मित्रांनो, मला भीती नाही वाटली. मला राग आला. मी कुणाचं काय चोरलं होतं?

गाण्यांची अक्षरं अजून माझ्यावरून घासून काढली नव्हती. जप्तीचा शिपाई येण्याआधी मोतीरामनं माझ्यावर डिंकाचा हात फिरवला, म्हणजे अक्षरं टिकतात. "ऱ्हाय घट्ट," तो हळूच म्हणाला. मग सात महिने मी कचेरीच्या कोठडीत गंजक्या कुऱ्हाडींच्या शेजारी पडून राहिलो. दोनशे पानांचा गठ्ठाही तिथंच. मला वाळवीचा आवाज ऐकू यायचा आणि मी काही करू शकत नव्हतो. तिकडं लोक मोतीरामला काम द्यायला कचरू लागले. "माफी मागून मोकळा हो," असं त्याला पुष्कळांनी सांगितलं. त्यानं मागितली नाही.

सुनावणीच्या दिवशी मला चौघांनी उचलून मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या मेजापुढे ठेवलं. ते विद्वान गृहस्थ पुढच्या बाकावर बसले होते. साक्षीला सोजराबाई आली. नऊवारीचा पदर घट्ट खोचून, अनवाणी.

गृहस्थांचे वकील पुस्तक उघडून वाचू लागले:

"पऱ्हाटी फुटली बाई, शेत झालं पांढरं,
निवृत्ती माझ्या भावा, कधी येशील घरं."

आणि त्याखालची टीपही त्यांनी ऐटीत वाचली, "येथे निवृत्ती म्हणजे संसाराविषयीची विरक्ती. साहेब, हा अर्थ शोधायला विद्वत्ता लागते. हे माझ्या अशिलांचं श्रमाचं धन आहे."

"थांबा," सोजराबाई म्हणाली. "विरक्ती म्हंजे काय?"

"संसारातून मन उठणं," कोकिळाबाईंनी सांगितलं.

"मन उठनं?" सोजराबाईचा आवाज चढला. "अवो, निवृत्ती माहा भाऊ होता! सोनाळ्याहून कापसाची गाडी हाकत खामगावले ये. मानमोडीच्या साथीत गेला. तीन लेकरं होते त्याले. त्याचं मन कुठीच उठलं नोहतं. त्याले जगायचं होतं."

कचेरीत कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते मधेच थांबलं. गृहस्थांनी मान खाली घातली.

"माहा भाऊ तुमच्या हक्कात कसा आला, वकीलसाहेब?" ती म्हणाली. "तो तुमच्या घरी कवा जेवला?"

वकील गडबडले. "पण लिहिलं तर यांनी! आधी यांनी लिहिलं!"

"हाव, त्यायनं लिहिलं. म्या सांगतलं. आता या पोरीले सांगतलं. उद्या अजून कोनाले सांगीन. मले थांबवाचा कागद हाये काय तुमच्यापाशी?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वकिलांना पुस्तकातली कुठलीही ओळ वाचायला सांगितली. त्यांनी एक ओळ वाचावी आणि सोजराबाईनं उरलेलं गाणं पुरं करावं. असं पाचसहा वेळा झालं. एका गाण्याला तर तिनं पुस्तकात नसलेली चार कडवी म्हटली. "हे त्यायनं नाही घेतले," ती म्हणाली. "त्यायची गाडी सुटत होती."

निकाल त्याच आठवड्यात लागला. साहेबांनी वाचून दाखवलं, "प्रस्तावना फिर्यादीची आहे. टिपा फिर्यादीच्या आहेत. त्या या पानांवर नाहीत. गाणं या बाईनं सांगितलं आणि शिक्षिकेनं तिच्या तोंडून उतरवलं. यात पुस्तकाची नक्कल झालेली नाही." मोतीराम सुटला, कोकिळाबाई सुटल्या. मीही सुटलो.

गठ्ठा मात्र वाळवीनं खाल्ला होता. दोनशेपैकी धड अशी नऊ पानं निघाली. सोजराबाईनं बाकीची चाळण झालेली पानं हातात घेतली आणि मोतीरामकडे पाहिलं. "मंग? पुन्हा छाप." मोतीरामनं डिंक धुऊन काढला, शाईचा रूळ फिरवला. अक्षरं जशीच्या तशी उठली. या वेळी आम्ही पाचशे छापली. वर सोजराबाईचं नाव होतं.

"खाली हक्काचं काही टाकू काय?" मोतीरामनं छापण्याआधी विचारलं होतं.

"टाक," ती म्हणाली होती. "ज्याले पायजे त्यानं म्हनावं. ज्याले पायजे त्यानं लिहून घ्यावं. पन भावाचं नाव बदलू नोका."

तसंच छापलं. ती पानं मेहकरच्या बाजारात गेली, सोनाळ्याला गेली. तिथल्या बायांनी हातानं नकला केल्या आणि आपल्या भावांची कडवी त्यात जोडली. सोजराबाईला ते कळलं तेव्हा ती खूप हसली. गेल्या वर्षी ती गेली. शेवटी शेवटी आपलं नाव ती वाचू शकत होती.

मित्रांनो, आता मोतीरामकडे शिशाची अक्षरं जुळवून छापायचं, खिळ्यांचं यंत्र आहे. मी मागच्या अंगणात पडलो आहे आणि माझ्यावर धुणं धुतात. त्याची मला तक्रार नाही. पण त्या गृहस्थांचं पुस्तक पाहा. प्रती संपल्या. ते पुन्हा छापत नाहीत आणि दुसऱ्याला छापू देत नाहीत. ते गेल्यावरही पन्नास वर्षं हा कायदा त्या पुस्तकावर बसून राहणार. असा कायदा बदलायला हवा, हे मी दगड असून मला कळतं.

म्हणून माझं एवढं ऐका. तुमच्या घरात, शेतात कुणाला गाणं येत असेल, औषध ठाऊक असेल, जुनी हकीकत आठवत असेल, तर आज जाऊन लिहून घ्या. सांगणाऱ्याचं नाव वर घाला. अर्थ कळला नाही तर सांगणाऱ्यालाच विचारा. आणि दुसरा मागायला आला, तर त्याला नकला करू द्या. कुणी नोटीस पाठवली, तरी घाबरू नका.