काचेतली रेघ

आमच्या ह्यांनी पाच वर्षं खपून गुडघ्याएवढं इंजिन बांधलं. कोळशावर चालणारं, खऱ्या वाफेचं, माणसं बसलेले डबे ओढणारं. त्या पाच वर्षांत घरातला गळका नळ काही दुरुस्त झाला नाही, पण ते जाऊ दे.

इंजिन पुरं होईस्तोवर ह्यांचे डोळे गेले. समोरचं सगळं धूसर. छोट्या आगगाड्यांच्या ज्या हौशी मंडळाच्या रुळावर आम्ही जायचो, त्यांना कळलं असतं तर ह्यांना रुळाजवळ फिरकू दिलं नसतं. मग आम्ही गुपचूप तोड काढली. मी ह्यांच्या पाठीला चिकटून बसायचं आणि बॉयलरच्या काचनळीत पाण्याची रेघ कुठे आहे ते कानात सांगायचं. "अर्धी." "खाली चाललीय." त्याप्रमाणे हे पंप मारून बॉयलरमध्ये पाणी भरायचे. या वयात काय हे लाडेलाडे, म्हणून मंडळातले चेष्टा करायचे. मी हसून घ्यायचे.

त्या दिवशी माझ्यामागे नात बसली होती. नीट धरून बस म्हणून तिच्याकडे वळले, ती जरा जास्तच वेळ. परत पाहिलं तर काचेत रेघच नाही. नळी काठोकाठ भरली तरी कोरी दिसते आणि रिकामी झाली तरी कोरीच.

"किती?"

मी ह्यांच्या खांद्यावरून आणखी पुढे वाकले.

"अगं, किती?"

"रेघ दिसत नाही हो."

"वर गेलीय की खाली?"

"कळत नाही."

नळीतलं पाणी सोडायची खाली एक खुट्टी होती, ती फिरवली असती तर कळलं असतं. ह्यांनी ती चाचपली, पण ती जाम झाली होती. तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि मागे पोर मजेत गाणं म्हणत होती. ह्यांनी ब्रेक दाबला.

"पोरीला घेऊन लांब हो," म्हणाले आणि शेगडीची खीळ ओढली. सगळे निखारे रुळांत सांडले.

मंडळाचे चिटणीस धावत आले. निखारे गोळा करायला हे वाकून चिमटा शोधत होते. चिमटा पायाशीच पडला होता. चिटणीस ह्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

"आधी सांगायचंत," ते हळूच म्हणाले. "आता या रुळावर पुन्हा नाही."

ते गेल्यावर हे इंजिनाला हात लावून बसून राहिले.

"पाणी असणारच," म्हणाले. "असलं तर आपलं काही चुकलं नाही. घरामागे रूळ टाकू. तू सांगत जा, मी चालवीन. पोरीला बसवू."

इंजिन निवत गेलं. पाणी आकसलं, आणि काचेच्या अगदी वरच्या टोकाशी रेघ उतरली. बॉयलर काठोकाठ भरलेला होता. निखारे सांडायची काही गरजच नव्हती.

"आता दिसते का?"

मला ह्यांचा राग आला, माझा आला, त्या रेघेचाही आला. पलीकडे गवतावर बसून नात बुटातला कोळशाचा चुरा झटकत होती.

"नाही," मी म्हणाले. "कोरडाच होता."

ह्यांनी इंजिनावरचा हात काढून घेतला.

"पोर कुठे आहे?" हे म्हणाले, आणि भलतीकडेच बघत राहिले.